शिवेबाहेरचा चौथा दिवस

आमच्या गावाला दर तीन-चार वर्षांनी पळून जायची खोड आहे. खोड मी म्हणते. आईच्या कानावर हा शब्द गेला तर ती माझे कान उपटील. तिकडे याला गावपळण म्हणतात. भात कापून-झोडून झालं, पहाटेची थंडी बोचायला लागली की देवाला कौल लावायचा, आणि देवाने हुकूम दिला की तीन दिवस तीन रात्री गाव सोडून शिवेबाहेर, म्हणजे हद्दीपलीकडे जाऊन राहायचं. माणसांनी, गुरांनी, कुत्र्यामांजरांनी, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीनेसुद्धा. मागे चूल विझवायची, दार ओढून घ्यायचं, आणि देव पुन्हा 'या' म्हणेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही.

यंदा पुन्हा कौल लागला आहे. परवा आईने फोनवर सांगितलं, "मंगळवारी भायर पडाचा आसा. तू येतलंस मा?" मी 'बघते' म्हटलं. जाणार हे बोलतानाच ठाऊक होतं, पण लगेच हो म्हणवलं नाही. पुण्यात माझ्या ऑफिसात हे सांगितलं की लोकांचे डोळे चमकतात. कोणी म्हणतं, "काय भारी ना, फोन नाही, काही नाही, नुसतं निसर्गात!" कोणी पुढच्या वेळी आम्हालाही ने म्हणतं. मी हसून मान डोलावते. आता यांना काय सांगणार, की डिसेंबरात वाळल्या चुडतांचा, म्हणजे माडाच्या झावळांचा, वास कुठून नुसता आला तरी मी खिडकी लावून घेते म्हणून! त्या वासात माझं अठरावं वर्ष आहे आणि ते काही केल्या शिळं होत नाही.

बारावीला मी फिजिक्समध्ये नापास झाले होते. चार मार्कांनी. दहावीला जिचा फोटो शाळेच्या फळ्यावर लागला होता, ती. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा बारावी नापास ही बातमी मासळीपेक्षा लवकर गावभर जायची आणि मासळीपेक्षा जास्त दिवस वास मारायची. मी बाजारात जायचं सोडलं. लग्नाला, बारशाला जायचं सोडलं. विहिरीवर कोणी नसेल अशा वेळी कळशी घेऊन जायची. बायका वाईट नव्हत्या, उलट समजूतच घालायच्या. "जांवदे गो, पुढच्या येळेक सुटात." ती समजूत ऐकण्यापेक्षा कोणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कणकवलीला एस.टी. डेपोजवळ खतांच्या दुकानावर एक कॉम्प्युटर क्लास होता. जिन्यात युरियाचा वास, वर चपला काढायच्या, आणि आत एकदम गार. ती गार हवा आमच्यासाठी नव्हती, मशिनांसाठी होती. सर तरुण होते, मुंबईची नोकरी सोडून आलेले. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं की एका परदेशी कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा असते, ती जगात कुठेही चालते, आणि तिला बसायला बारावीचं मार्कलिस्ट लागत नाही. बाकीचं मी ऐकलंच नाही. मार्कलिस्ट लागत नाही, एवढं वाक्य घेऊन मी घरी आले. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मग सुरू झालं. सकाळची पहिली गाडी, संध्याकाळची शेवटची. क्लासात मशीन दिवसाला एक तास मिळायचं, ते वीज असेल तर. उरलेला अभ्यास कागदावर. एका नेटवर्कचे चार तुकडे कसे करायचे, कोणता पत्ता कोणत्या तुकड्यात पडतो, दोनशे पंचावन्नमधून काय वजा करायचं, याच्या वह्याच्या वह्या भरल्या. एका केबलमध्ये आठ बारीक वायरी असतात, त्यांचा रंगांचा क्रम ठरलेला: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. मी तो देवाच्या नावांसारखा घोकायची.

बाबांना त्याचं फार कौतुक. ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. जेटीवर एखादं मशीन नुसतं खोकलं तरी त्यांना दुखणं कळायचं. मी क्लासातून केबलचा हातभर तुकडा आणला तो त्यांनी सोलून, उलगडून पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यातसून कागद जाता?"

"कागद नाय बाबा, म्हायती जाता."

"मगे ती खंय अडाकली तर कसा कळता?"

हा प्रश्न आमच्या वर्गात कोणी विचारला नव्हता. मी त्यांना 'पिंग' समजावून सांगितलं: आपण पलीकडच्याला हाक मारायची, त्याने ओ दिली की रस्ता चालू. त्यांना ते इतकं पटलं की आठवडाभर ते मला अंगणातून नुसतंच "गो शुभा!" म्हणून हाक मारायचे आणि मी ओ दिली की खूश होऊन कामाला लागायचे. आठही रंग त्यांनी पाठ केले. आणि जेटीवर सगळ्यांना सांगून टाकलं की आमच्या शुभाची अमेरिकेची परीक्षा आहे. हे कळलं तेव्हा मी त्यांच्यावर इतकी ओरडले की आईने मध्ये पडून मला गप्प केलं. नापास झाल्यावर परीक्षेची बातमी कोणाला द्यायची नसते, हे त्यांना कळतच नव्हतं. मला तर या परीक्षेच्या पलीकडे काही दिसत नव्हतं. ही गेली तर मी आयुष्यभर त्या चार मार्कांच्या आत राहणार, असं मला खरोखर वाटत होतं. अठराव्या वर्षी माणूस मरणाची भाषा उगीच करतं म्हणतात. मी केली नाही, पण विहिरीत कळशी सोडताना नको ते विचार यायचे, हे आज लिहून टाकते.

परीक्षेची फी आम्हाला झेपणारी नव्हती. सरांच्या ओळखीतून क्लासला एकच फुकट व्हाउचर मिळालं: एक छापलेला कागद, त्यावर लांबलचक नंबर. तो त्यांनी मला दिला. डिसेंबरातल्या एका तारखेपर्यंत चालणार, मग तो कागद म्हणजे रद्दी. परीक्षा पणजीला. सर म्हणाले, "ऑक्टोबरात देऊन टाक." मी ऑक्टोबरची तारीख घेतली आणि आठ दिवस आधी पुढे ढकलली. भीती, दुसरं काय? अजून तयारी नाही, अजून थोडं, असं करत मी सरकत सरकत व्हाउचरच्या शेवटच्या दिवसावर जाऊन बसले. दुपारी अडीचची वेळ. यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही, तो माझाच, आणि तो मी कोणावर ढकलू शकले नाही म्हणून तर इतकी वर्षं जपून ठेवला आहे.

तारीख पक्की झाली आणि पंधरा दिवसांत गावपळणीचा कौल लागला. मी बोटं मोजली. तीन दिवस बाहेर. चौथ्या सकाळी देव परत बोलावणार, आणि त्याच चौथ्या दिवशी दुपारी अडीचला माझी परीक्षा. सात वाजता कौल, साडेसातपर्यंत घर, आठची गाडी, दीडपर्यंत पणजी. चोख बसत होतं. मी बाबांना विचारलं. देवापुढे गाऱ्हाणं, म्हणजे गावाची विनवणी, घालताना पुढच्या रांगेत उभं राहायचा मान आमच्या घराचा, म्हणजे बाबांचा. ते हसले. "चौथ्या दिसाक कौल मिळताच गो. माझ्या जल्मात कधी चुकलो नाय." मग मीही निर्धास्त झाले. गावातल्या सगळ्यांप्रमाणे मी देवाला वेळापत्रकात धरून टाकलं. दुसऱ्या कुठल्या गावच्या मुलीने ही चूक केली नसती.

परीक्षेला दोन ओळखपत्रं लागत, एक फोटोचं, एक सहीचं. माझं कॉलेजचं कार्ड आणि पोस्टाचं पासबुक व्हाउचरसकट एका फायलीत होतं. बाहेर पडायच्या दिवशी ती फाइल मी हातात घेतली होती. आई म्हणाली, "थंय दव पडता, वासरां कागद चघळतत. पेटयेत ठेव, चौथ्या दिसाक जाता-जाता घेवन जा." आमच्या वासराने आदल्या महिन्यात रेशनकार्डाचा कोपरा खाल्ला होताच. मी फाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, तिच्या लग्नाच्या शालूखाली ठेवली आणि कुलूप लावलं. व्हाउचरचा नंबर तेवढा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला. अभ्यासाच्या वह्या मात्र सगळ्या बरोबर घेतल्या.

आमची वाडी खाडीच्या पलीकडच्या माळावर उतरली होती. चुडतांच्या झोपड्या, तीन दगडांच्या चुली, दोरीला बांधलेल्या शेळ्या, फुगड्या, भजनं. सगळा गाव सुट्टीवर आलेला. मी एका काजूखाली वही घेऊन बसायची. मातीत काटकीने पत्त्यांची गणितं सोडवायची आणि पायाने पुसायची. बायका जाता-येता विचारायच्या, "खंयसर इला?" म्हणजे अभ्यास कुठवर आला. बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, त्यामुळे मी बसले की पोरांना तिकडे खेळायला मज्जाव. कोणी तव्यावरचं गरम घावन आणून द्यायची, कोणी नुसतीच डोक्यावरून हात फिरवून जायची. बारावीनंतर पहिल्यांदा मला माणसांची भीती वाटेनाशी झाली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तीन सराव पेपर सोडवले आणि तिन्हींत पास झाले. झोपडीमागे जाऊन एकटीच हसले.

तिथून आमचं घर दिसायचं. खाडीपलीकडे तिसरा माड, त्याखाली कौलं. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यातून दहा मिनिटांचा रस्ता.

चौथ्या सकाळी शिवेवरच्या देवाच्या पाषाणापुढे सगळे जमले. कौल म्हणजे ओल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घालणारे दाजी, गावातले सगळ्यात वडील मानकरी, ऐंशीच्या घरातले. बाबा त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. दाजींनी मान हलवली, हात जोडले आणि तो खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या हुकमान गाव मोकळो केलो, चुली इझयलेंव, तीन राती शिवेभायर काढलेंव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव एका आवाजात म्हणाला.

"आता तुझ्या लेकरांक घराक येवक मोकळीक दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या आमच्या शुभाची गोयाक कंप्युटराची परीक्षा आसा म्हाराजा! तिका टायमार पोचव, तिका यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे तिसरं 'व्हय' पहिल्या दोहोंपेक्षा मोठं होतं. मी लाजेने मान खाली घातली, पण माझ्या अंगावर काटा आला होता. पाचशे माणसं माझ्यासाठी एका श्वासात हो म्हणत होती. त्यांतल्या निम्म्यांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. नापास झालेल्या पोरीला आणखी काय हवं?

डावी पाकळी पडली.

दाजींनी पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा विनवणी केली. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा विचारायची रीत नाही. दाजी वळले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजचो दीस आणि रवाचा लागतला. उद्या पुना इचारुया." लोक हळूहळू आपापल्या चुलींकडे वळले. नाराज कोणीच नव्हतं. देवाचा हुकूम, एक दिवस जास्त. मी मात्र बाबांकडे गेले.

मग मी जे केलं ते मला आजही नीट आठवत नाही, आईने नंतर सांगितलं म्हणून कळलं. मी बाबांचा सदरा धरला आणि ओरडत होते. दहा मिनिटं. पाण्यातून जाते, पेटी उघडते, येते. कोणाला कळणार नाही. तुमचा देव काय माझी फाइल खाणार आहे का? बाबा तसेच उभे राहिले, सदरा सोडवून न घेता. मग अगदी हळू म्हणाले, "तू गेलंस तर मी आडवूचंय नाय. शप्पत. पण मगे वरसभरात कोणाच्या पोराक ताप इलो, कोणाची होडी उलाटली, तर लोकांनी काय म्हणाचा? आणि तुझ्या मनाक काय वाटतला?"

मी खाडीपर्यंत गेले. पाण्यात पाय घातले. घर समोर होतं. भक्ती म्हणून नव्हे, देवाला मी त्या क्षणी शिव्या घालत होते. पण पाण्यात उभी राहिले आणि त्या घावन देणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आल्या. त्यांच्यापैकी एकीचं पोर आजारी पडलं तर ती मला काही बोलणार नाही, नुसती बघेल, हे मला दिसलं. मी मागे फिरले. इतकी रडले की मला ओकारी झाली.

मागे येईपर्यंत दाजींनी एक युक्ती काढली होती. गावाने पत्र द्यायचं. ही मुलगी कोण, ते गाव सांगेल. गावापेक्षा मोठा साक्षीदार कोण? सरपंच तिथेच चुलीवर चहा करत होते, पण पंचायतीचा शिक्का, लेटरहेड, सगळं शिवेच्या आत. शेवटी माझ्याच वहीतून कागद फाडला आणि अक्षर बरं म्हणून पत्रही मलाच लिहायला लावलं. 'सदर मुलगी आमच्या गावची रहिवासी असून आम्ही तिला जन्मापासून ओळखतो. गाव सध्या देवाच्या आज्ञेने बाहेर असल्याने तिची कागदपत्रे आणता येत नाहीत.' खाली सरपंचांची सही, दाजींची सही, आणि ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे. शाईचा पॅड नव्हता म्हणून चुलीतल्या कोळशात खोबरेल कालवलं. साठेक तरी नावं झाली असतील. आठची गाडी चुकली. तिठ्यावरच्या एस.टी.डी.वरून सरांना फोन केला. ते म्हणाले, "जा तू. बघ, माणसंच आहेत तीही." बाबा अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्याबरोबर निघाले. मिळेल त्या गाड्या बदलत आम्ही सव्वादोनला पणजीत पोचलो. वाटेत मी रंगांचा क्रम आठवायचा प्रयत्न केला, तो हिरव्यापाशी अडकत होता.

परीक्षा केंद्र काचेचं होतं. काउंटरवर एक मुलगी, माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठी. यादीत माझं नाव होतं. तिने ओळखपत्रं मागितली. मी पत्र पुढे केलं.

बाबा ऑफिसात गेले की शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. "मॅडम, त्याचं असं आहे," ते म्हणाले, "आमचा गाव पळालेला आहे."

तिने वर पाहिलं. मागच्या खुर्चीवरचे दोघे फिस्सकन हसले. बाबांनी पुन्हा सुरुवात केली, देव, हुकूम, तीन दिवस, पेटी, आणि दुसऱ्याच वाक्यात त्यांची शुद्ध भाषा संपली. मग ते आपल्या बोलीतच सांगत राहिले, आणि तिला शब्द न् शब्द कळत होता, कारण ती तिथलीच होती, कोंकणी बोलणारी. तिने ते पत्र पूर्ण वाचलं. सगळे अंगठे बघितले. आत जाऊन कोणाला तरी फोन केला. परत आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता. "सॉरी. ओळखपत्राचा नंबर घातल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. मला खरंच काही करता येत नाही."

"पण ही माझी चेडू," बाबा म्हणाले. "मी हिचो बापूस. मी हयसर उभो रवान सांगतंय मा, ही शुभा म्हणान. आणि कोणी सांगाक होया?"

मग अगदी मायेने, मदत करायचीच म्हणून तिने विचारलं, "काका, तुमचं काही ओळखपत्र आहे का?"

बाबांनी सवयीने वरच्या खिशाला हात लावला, मग लेंग्याच्या खिशाला. तंबाखूची पुडी निघाली, एक दहा नंबरचा पाना निघाला. त्यांचं मतदार कार्डही त्याच पेटीत होतं. ते त्या पान्याकडे बघत राहिले. देवापुढे पहिल्या रांगेत उभा राहणारा माणूस, ज्याला रेडीपासून देवगडपर्यंतच्या जेट्यांवर नावाने ओळखत, त्याला तिथे आपण कोण हे सांगता आलं नाही. माझी परीक्षा गेली हे मला कळलं होतं. पण बाबांना आपण काय गमावलं ते त्या मिनिटाला कळत होतं, आणि ते मला बघवेना. मीच त्यांना हात धरून बाहेर काढलं.

तीच परीक्षा मी पुढे दीड वर्षाने दिली. मालवणात एका सायबर कॅफेत काम करून फी जमवली, पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. आज माझं पोट त्याच विद्येवर चालतं. लोक म्हणतात, बघ, झालंच ना शेवटी. झालं. पण ज्या मुलीला तेव्हा ते सर्टिफिकेट हवं होतं, ती मुलगी त्या काचेच्या दारातून परत आली ती आलीच. नंतर पास झाली ती दुसरी कोणीतरी, जरा कोरडी. मी अजून भाजी आणायला जातानासुद्धा ओळखपत्र घेऊन जाते. नवरा चिडवतो, की मेथीवाली काय आधार मागणार आहे का? मी हसते, पण पर्स पुन्हा एकदा चाचपते.

परतीच्या गाडीत संध्याकाळचं ऊन तिरकं आत येत होतं. बांद्याच्या पुढे कुठेतरी बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "देवाचा चुकला."

आवाज चढलेला नव्हता. रागही नव्हता. इंजिन बघून एखादा पार्ट गेला म्हणावं तसं. दिवसभर मी त्याच देवाला काय काय बोलले होते, पण त्यांच्या तोंडून ते ऐकवेना. ज्या माणसाने शिवेवरून जाताना पाषाणाला कधी नमस्कार चुकवला नाही, त्याच्याकडे देवाशिवाय दुसरं होतं काय? "तसा बोलू नको, बाबा," मी म्हटलं. "माझाच चुकला. माका ऑक्टोबरातच परीक्षा देवची होती." मी बोलत राहिले, व्हाउचर, तारीख, फाइल, सगळे दोष माझ्याकडे ओढत राहिले. ते ऐकत होते की नाही, कोण जाणे.

पाचव्या सकाळी पुन्हा सगळे पाषाणापुढे जमले. रात्रभरात गावाला कळलेलं होतं. बायकांनी मला आपल्यात जागा करून दिली. पहिल्याच वेळी उजवी पाकळी पडली. बायकांनी हात जोडले, पोरांनी उड्या मारल्या, आणि दाजींनी देवाचे आभार मानायला आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! तू आमचो सांभाळ केलंस, आमका परत घराक बोलयलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी आयुष्यात पुन्हा ते दोन शब्द म्हणणार नाही असं ठरवून आले होते. दात आवळून उभी होते. आणि मला बाबा दिसले. मानाच्या जागी, पुढच्या रांगेत, हात नीट जोडलेले, आणि ओठ मिटलेले. दाजींनी दुसरी हाक घातली. गाव गरजला. बाबा गप्प. शेजारच्या मानकऱ्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पलीकडच्याने. बाबांची मान ताठ होती.

दाजींनी तिसऱ्यांदा श्वास भरला. मी लोकांना ढकलत पुढे गेले, बाबांच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले, आणि त्यांच्या वाटणीचं 'व्हय म्हाराजा' मी म्हटलं. घसा फाटेल इतक्या मोठ्याने. चौथ्यांदा म्हटलं, पाचव्यांदा म्हटलं. मला देवाकडे काही मागायचं नव्हतं, आणि आभार तर मुळीच मानायचे नव्हते. माझा बाप गप्प आहे, हे कोणाला ऐकू जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.